नानाभाई मूस : सूर्याच्या वादळांचा पहारेकरी

कॅडेट मित्रांनो, नकाशावाचनाच्या पहिल्या तासाला आपल्याला तीन उत्तर दिशा शिकवल्या जातात : खरी उत्तर, ग्रिड उत्तर आणि चुंबकीय उत्तर. खरी आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला फरक आपल्या रायपूर परिसरात एका अंशाहूनही कमी असल्यामुळे तो फारसा त्रास देत नाही. त्यामुळे होकायंत्राची सुई एकदा स्थिर झाली की ती तशीच राहते, असे आपण धरून चालतो. ते पूर्ण खरे नाही. सुई दिवसभरात किंचित इकडे-तिकडे सरकत असते. डोळ्यांना हे सरकणे दिसत नाही, पण नाजूक यंत्रांना ते कळते. आणि कधी कधी सूर्यावरून निघालेले वादळ पृथ्वीवर आदळते, तेव्हा जगभरच्या चुंबकसुया एकाच वेळी अस्वस्थ होतात.

या हालचालींची मुंबईतली साठ वर्षांची नोंद ज्यांनी तुटू दिली नाही, त्या डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांची ही ओळख आहे. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांना त्यांचे नाव आजही आदराने आठवते. शाळेच्या पाठ्यपुस्तकात मात्र ते सहसा भेटत नाही.

वादळाच्या वर्षी जन्म

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या जन्माआधी दोनच महिने एक मोठी घटना घडून गेली होती. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधले खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना डागांच्या एका गटात अचानक प्रखर पांढरा प्रकाश चमकलेला त्यांना दिसला. काही मिनिटांत तो विझला. त्यानंतर १८ तासही झाले नव्हते, तोच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचे काम बिघडले आणि एरवी ध्रुवांजवळच दिसणारा ध्रुवीय प्रकाश विषुववृत्ताच्या बराच जवळ येऊन दिसला.

त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही नोंदी चालू होत्या. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजमापे घेतली जात. तेव्हा एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार तिथले काम पाहत. मराठी वाचकांना परिचित असलेले गणिती केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच लोकमान्य टिळकांचे गुरू केरूनाना, तरुणपणी याच वेधशाळेत त्यांच्या हाताखाली मदतनीस होते. रेशमी धाग्याला टांगलेला चुंबक, त्याची सूक्ष्म हालचाल दाखवणारी मोजपट्टी आणि ठरलेल्या वेळी येऊन आकडा वाचणारा माणूस अशी ती पद्धत होती.

२ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी या निरीक्षकांनी जे आकडे लिहिले, ते आज जगभर प्रसिद्ध आहेत. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. नेहमीच्या मूल्याच्या तुलनेत ही घट सुमारे चार टक्के होते. साधी वादळे शे-दीडशे नॅनोटेस्लाची असतात, यावरून त्या वादळाची ताकद लक्षात येईल. त्या दिवशी यंत्राजवळ बसून आकडे लिहिणाऱ्यांना आपण काय नोंदवत आहोत याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त नेमून दिलेले काम चोख केले.

शिक्षण आणि वेधशाळेची जबाबदारी

नानाभाईंनी मुंबई विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीतली एल.सी.ई. ही पात्रता मिळवली आणि पुढे स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतली. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो झाले. इमारत कशी बांधायची हेही समजणारा आणि भौतिकशास्त्रही जाणणारा माणूस, असा हा जोड होता. पुढे हा जोड किती उपयोगी पडला ते आपण पाहणारच आहोत.

१८९६ मध्ये, चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर, मूस कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. एवढ्या मोठ्या सरकारी शास्त्रीय संस्थेची धुरा भारतीय माणसाकडे असणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. वेळही कठीण होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेगची साथ पसरली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. वेधशाळेचे काम मात्र चालू राहिले.

१८७२ पासून कुलाब्याला नवी यंत्रे आली होती. चुंबकाला लहानसा आरसा जोडलेला असे. दिव्याचा किरण त्या आरशावरून परावर्तित होऊन घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या प्रकाशसंवेदी कागदावर पडे. चुंबक हलला की कागदावरची रेषा वर-खाली होई. म्हणजे माणूस झोपला तरी यंत्र जागे राही. तरीही कागद बदलणे, दिवे सांभाळणे, तापमान पाहणे आणि रेषांवरून आकडे काढणे हे रोजचे काम माणसांचेच होते. मूस यांच्या काळात वेधशाळेत भूकंपमापक यंत्रही बसवले गेले आणि हवामानाच्या नोंदी तर चालूच होत्या.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी आणखी एक मोठे चुंबकीय वादळ आले. जगाच्या अनेक भागांत तारायंत्रे अडखळली. कुलाब्याच्या कागदावर त्या वादळाची रेषा उमटली. याच सुमारास वेधशाळेसमोर एक वेगळे संकट उभे होते आणि ते आकाशातून आलेले नव्हते.

ट्रामचे संकट

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती. आता ती विजेवर चालवायची असे ठरले. शहराला वेगवान वाहतूक हवी होती आणि ती मागणी रास्त होती. पण ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून परत जाताना त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो. ट्राम सुटली, थांबली, चढावर आली की हा प्रवाह कमी-जास्त होतो. जिथे प्रवाह तिथे चुंबकीय परिणाम, हे आपण शाळेत शिकतो. ट्राम सुरू झाल्यावर कुलाब्याची यंत्रे सूर्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक नोंदवू लागली असती.

दोन मार्ग सोपे होते. एक, नोंदी बंद करणे. दुसरा, यंत्रे उचलून दुसरीकडे नेणे. दुसरा मार्ग वरवर ठीक वाटतो, पण त्यात एक खोच आहे. प्रत्येक जागेचे चुंबकीय बल थोडे वेगळे असते. जमिनीतले खडक वेगळे, समुद्राचे अंतर वेगळे. यंत्रे नुसती हलवली असती तर जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांशी जुळले नसते. साठ वर्षांची साखळी जिथे तुटली, तिथेच संपली असती.

मूस यांच्या देखरेखीखाली तिसरा मार्ग काढण्यात आला. कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिण-आग्नेयेला, समुद्रापलीकडच्या अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारायची, आणि जुनी बंद करण्याआधी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घ्यायच्या.

इथे स्थापत्य अभियंता कामी आला. कोकणातला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, त्यातल्या लोहखनिजामुळे स्वतःच थोडा चुंबकीय असतो. म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा फिकट, चुंबकीय गुण नसलेला दगड वापरला गेला. अशा इमारतीत लोखंडी खिळा, बिजागरी, कडी काहीही चालत नाही. त्यांच्या जागी तांबे आणि पितळ येते. आतले तापमान कमी-जास्त झाले तर चुंबकाची ताकद बदलते, म्हणून बांधणीही तापमान शक्य तितके एकसारखे राहील अशी ठेवावी लागली.

१९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी चालल्या. दोन्ही ठिकाणांच्या आकड्यांमधला फरक नेमका कळला. मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवण्यात आल्या. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तोपर्यंत अलिबाग आपल्या जागी पक्के उभे होते.

पहारा बदलताना जुना पहारेकरी नवा येऊन जागा ताब्यात घेईपर्यंत चौकी सोडत नाही. मूस यांनी एका वेधशाळेच्या बाबतीत हेच केले. दोन वर्षे दुप्पट काम झाले, दुप्पट माणसे आणि कागद लागले. पण शहराला ट्राम मिळाली आणि विज्ञानाची साखळीही अखंड राहिली.

साठ वर्षांचे पुस्तक

दर तासाला एक आकडा धरला, तरी साठ वर्षांत पाच लाखांहून अधिक आकडे होतात. आणि मोजायच्या गोष्टी एकापेक्षा जास्त होत्या : आडवे बल, उभे बल, सुईची दिशा. संगणकाचे नावही नसलेल्या काळात मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, तपासल्या आणि १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केल्या. पहिल्या भागात मुख्यतः आकडे आहेत. दुसऱ्या भागात त्या आकड्यांचा अर्थ लावला आहे.

त्यांची एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक चुंबकीय वादळ वेगवेगळ्या वेळी सुरू होते. कोणी पहाटे, कोणी दुपारी. घड्याळाची वेळ धरून सरासरी काढली तर सगळे मिसळून जाते. मूस यांनी मोजणीचा आरंभच बदलला. वादळ सुरू झाले तो क्षण शून्य धरायचा आणि त्यापुढचे तास मोजायचे. अनेक वादळे अशी एकावर एक ठेवली की त्यांचा सारखेपणा वर येतो. आधी आडवे बल थोडे वाढते. मग काही तास ते वेगाने घसरते. नंतर काही दिवस हळूहळू पूर्वपदावर येते. याखेरीज घड्याळाच्या वेळेनुसार होणारा बदल वेगळा काढता येतो. पुढे सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञाने चुंबकीय वादळांचा जो पायाभूत अभ्यास केला, त्याआधी मूस यांचे हे काम झालेले होते.

दोन दशकांहून अधिक काळ वेधशाळेची सेवा करून मूस निवृत्त झाले. १९ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांना न दिसलेले कारण

आधी थोडी वाढ, मग मोठी घसरण. असे का होते? मूस यांच्या हयातीत याचे पूर्ण उत्तर कोणाकडेच नव्हते. ते मिळायला अवकाशयाने लागली. आज आपल्याला जे कळले आहे ते थोडक्यात असे.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर वाहत असतो. त्याला सौर वारा म्हणतात. १९५८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी त्याचा सिद्धांत मांडला. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात आणि त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या वाऱ्यापुढे ढालीसारखे उभे राहते.

वेगाने जाणाऱ्या होडीच्या नाकापुढे पाण्याची एक उंच कड तयार होते, ती आपण तलावात किंवा नदीत पाहतो. तसेच इथे होते, फक्त होडी जागेवर आणि पाणी वेगात. ढालीच्या पुढे, सूर्याच्या दिशेने पृथ्वीपासून सुमारे ९०,००० किलोमीटरवर, सौर वारा एकदम मंदावतो, तापतो आणि दाटतो. या सीमेला बो शॉक म्हणतात. १९६३ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या इम्प-१ या उपग्रहाच्या मोजमापांतून तिचे अस्तित्व सिद्ध झाले.

इथे एक कोडे आहे. हवेत धक्क्याची लाट तयार होते तेव्हा रेणू एकमेकांवर आपटतात. सौर वारा इतका विरळ आहे, साधारणपणे एका घनसेंटीमीटरमध्ये चार-पाच प्रोटॉन, की कण एकमेकांवर आपटतच नाहीत म्हटले तरी चालेल. मग त्यांना थांबवते कोण? उत्तर आहे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र. तेच अदृश्य भिंतीचे काम करतात.

आणि ही भिंत काही इलेक्ट्रॉनांना नुसती अडवत नाही, तर प्रचंड वेगही देते. समजा, टेबल टेनिसची बॅट तुमच्या हातात आहे आणि तुम्ही ती चेंडूच्या दिशेने पुढे नेत आहात. चेंडू बॅटवर आपटून परत जाईल तो आधीपेक्षा जास्त वेगाने. बो शॉकवर चुंबकीय क्षेत्र एकदम वाढते. चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत येणारा इलेक्ट्रॉन तिथून परत फिरतो आणि परतताना ऊर्जा घेऊन जातो. सौर वाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती भिंत त्याच्याकडे धावून येणारी बॅटच असते.

पण एका टोल्याने फार काही साधत नाही. इलेक्ट्रॉन हलका असतो, तो लगेच निसटून जातो. त्याला पुन्हा बॅटीसमोर आणणारे कोणीतरी हवे. ते काम तिथल्या छोट्या चुंबकीय लाटा करतात. त्या इलेक्ट्रॉनला इकडेतिकडे विखुरतात, धक्क्याजवळ अडकवून ठेवतात, आणि मग टोल्यावर टोला बसत जातो. २०१५ मध्ये सोडलेल्या, एकत्र उडणाऱ्या चार उपग्रहांच्या अमेरिकी मोहिमेने, म्हणजे एमएमएसने, या लाटा आणि त्यांनी अडवलेले इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष मोजले. सौर वाऱ्यात इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण दहा इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. बो शॉकजवळ काही इलेक्ट्रॉन त्याच्या हजारो पट ऊर्जेपर्यंत पोचतात. शनीजवळ कॅसिनी यानाला एका फार जोरकस धक्क्यात याहूनही वेगवान इलेक्ट्रॉन आढळले होते. दूरच्या ताऱ्यांचे स्फोट अवकाशात वेगवान कण कसे फेकतात, हे समजण्यासाठी आपल्या दाराशी असलेला हा धक्का म्हणजे प्रयोगशाळाच आहे.

आता मूस यांच्या आलेखाकडे पाहा. सूर्यावरून मोठा उद्रेक निघाला की त्याच्याही पुढे धक्क्याची लाट असते. ती येऊन पृथ्वीच्या ढालीवर आदळते आणि ढाल एकदम आत दाबली जाते. त्यामुळे जमिनीवर आडवे बल क्षणात वाढते. हीच ती सुरुवातीची वाढ. त्यानंतर उद्रेकातले चुंबकीय क्षेत्र अनुकूल दिशेचे असेल, तर ऊर्जा ढालीच्या आत शिरते आणि पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचा एक वर्तुळाकार प्रवाह वाढतो. या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध असते, म्हणून बल घसरते. कण हळूहळू विरत गेले की बल सावरते. अलिबागच्या एका खोलीत कागदावर उमटणारी रेषा हजारो किलोमीटर उंचीवरची लढाई सांगत होती.

आजचा उपयोग

हा विषय सैनिकाच्या कामाचा आहे. चुंबकीय वादळात दूरच्या अंतरावरचा रेडिओ संपर्क तुटू शकतो, उपग्रहावरून मिळणारे स्थान चुकू शकते आणि उपग्रहांचे नुकसान होऊ शकते. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथून आकाशात लाल प्रकाश टिपला गेला.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोचले. ते सौर वाऱ्यातले कण आणि चुंबकीय क्षेत्र मोजते. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाचा वारा तिथून पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक तास घेतो. आदित्य म्हणजे आपली सर्वांत पुढची चौकी, आणि अलिबाग म्हणजे मागे उभी असलेली जुनी चौकी. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिथल्या नोंदी चालू आहेत.

एवढे मोठे वादळ किती वेळा येऊ शकते, हे ठरवायला जगातल्या शास्त्रज्ञांना जुनी आणि विश्वासार्ह मोजमापे लागतात. १८५९ च्या वादळाचा अभ्यास करताना त्यांनी कुलाब्याचीच पाने उघडली. ती पाने आजच्या आकड्यांशी जोडता येतात, कारण मधल्या काळात कोणीतरी दोन वर्षे दुप्पट कष्ट घेतले होते.

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी प्रत्येकाला अवकाशयान बांधायला मिळेलच असे नाही. पण नोंद ठेवणे प्रत्येकाला जमते. एक साधे पर्जन्यमापक घ्या, रोज सकाळी ठरलेल्या वेळी मिलिमीटर वाचा आणि वहीत लिहा. सुट्टीतही कोणाची पाळी आहे ते ठरवा. शाळा सोडून जाणाऱ्या तुकडीने ती वही पुढच्या तुकडीच्या हाती देताना काही दिवस सोबत उभे राहून वाचन कसे घ्यायचे ते दाखवावे. मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग यांच्यात जे केले, त्याची ही लहान आवृत्ती होईल. पंधरा-वीस वर्षांनी रायपूरच्या पावसाबद्दल कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर तुमच्या वहीत असेल.